टी-शर्ट छापून घेताय? दर शेवटी विचारा



गणपती जवळ आले की मला दरवर्षी ठरलेले फोन येतात. इंदूरहून, बडोद्याहून, बेंगळुरूहून. "ताई, मंडळाचे टी-शर्ट छापून घ्यायचेत, कोणाकडे देऊ?" शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असो, ऑफिसची मॅरेथॉन असो, घरगुती धंद्यासाठी कापडी पिशव्या हव्या असोत, प्रश्न तोच असतो. मी कोणाचंही नाव सुचवत नाही. एक तर तुमच्या गावातला छपाईवाला मला माहीत नसतो. दुसरं म्हणजे, नुसतं नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही, हे मी स्वतःच्या खिशाला चाट बसल्यावर शिकले आहे.

म्हणून आजच्या भागात आपण दोन गोष्टी बघू. छपाईवाला निवडताना काय तपासायचं, आणि त्याच्याकडे जाण्याआधी आपल्याला स्वतःला काय माहीत असायला हवं. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करते, कारण बाकी सगळं त्यातूनच आलं आहे.

आपण तालुका कधी झालो?

मी हैदराबादला राहते. आमचं मंडळ लहान आहे, पन्नास-साठ मराठी घरं. करोनाची दोन वर्षं उत्सव घरातल्या घरात झाला होता. २०२२ साली मात्र सगळे उत्साहात होते. ३१ ऑगस्टला चतुर्थी होती. ढोल-ताशा, मिरवणूक, आणि सगळ्यांना सारखे टी-शर्ट. एकूण १२० नग. छपाईचं काम माझ्याकडे आलं, कारण "तुला यातलं कळतं" असं सगळ्यांचं मत होतं. खरं सांगायचं तर मला काही कळत नव्हतं.

मी तीन ठिकाणी दर विचारले. एकाने २१० रुपये सांगितले, एकाने १९५ आणि तिसऱ्याने १६५. २१० आणि १६५ यांतला फरक १२० नगांवर ५,४०० रुपये होतो. वर्गणीच्या पैशात ही रक्कम लहान नाही. मी १६५ वाल्याला काम दिलं, मजकूर व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवला आणि अर्धे पैसे आगाऊ भरले. दोन दिवसांनी त्याने डिझाइनचा फोटो पाठवला. मी मीटिंगमध्ये होते. फोटो मोठा करूनसुद्धा न बघता अंगठा दाखवला.

२९ ऑगस्टच्या संध्याकाळी गठ्ठे आले. मंडळ सुरू करणाऱ्यांपैकी एक काका, वय अठ्ठ्याहत्तर, त्यांनी पहिला टी-शर्ट उलगडला. चष्मा सारखा करून पाठीवरची अक्षरं वाचली आणि शांतपणे मला म्हणाले, "अगं, आपण तालुका कधी झालो?"

पाठीवर 'मंडळ' ऐवजी 'मंडल' छापलं होतं. तेलंगणात मंडल म्हणजे तालुक्यासारखा महसुली विभाग. त्याच्या खाली 'उत्सव समिती' ऐवजी 'उत्सव समिति'. त्या दुकानातल्या मुलाला हिंदी येत होती. माझा मजकूर बघून त्याने तो आपल्या संगणकावर पुन्हा टाइप केला आणि त्याच्या मते माझ्या चुका दुरुस्त केल्या. मी रागाने फोन केला तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, आपने ओके किया था." ते खरंच होतं.

टी-शर्ट घातले, दुसरा इलाजच नव्हता. विसर्जनापर्यंत दोन धुण्यांत छपाईला भेगा पडल्या आणि दिवाळीपर्यंत बहुतेक घरांत त्यांची फडकी झाली. १९,८०० रुपये. मंडळाने मला एका शब्दाने विचारलं नाही, म्हणूनच जास्त लागलं. त्यातले अर्धे पैसे मी पुढच्या काही महिन्यांत स्वतःहून भरले.

आता या गोष्टीत चूक कुठे झाली ते बघा. छपाई कच्ची होती, हा दुकानदाराचा दोष. पण कोणती छपाई हवी हे मी सांगितलं नव्हतं, कापड कुठलं ते विचारलं नव्हतं, अक्षरांची फाइल दिली नव्हती, नमुना मागितला नव्हता. मी फक्त दर विचारला होता आणि त्याने फक्त दर सांगितला होता.

पहिली गोष्ट: छपाईच्या पद्धती

"टी-शर्टवर छापून द्या" हे वाक्य "भाजी करून द्या" इतकंच मोघम आहे. कापडावर छापायच्या चार-पाच पद्धती आहेत आणि प्रत्येकीचा दर, टिकाऊपणा आणि उपयोग वेगळा आहे.

स्क्रीन प्रिंटिंग ही सगळ्यांत जुनी आणि मोठ्या संख्येसाठी सर्वांत किफायतशीर. जाळी ताणलेली एक फ्रेम असते, तिच्यातून शाई कापडावर ओढतात. प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते. त्यामुळे खर्चाचा मोठा भाग सुरुवातीलाच होतो. समजा एका फ्रेमचा खर्च ३०० रुपये धरला आणि डिझाइनमध्ये तीन रंग आहेत. सुरुवातीचे ९०० रुपये झाले. ३० टी-शर्ट असतील तर प्रत्येकावर ३० रुपये पडतात, ३०० असतील तर ३ रुपये. म्हणून "नग वाढवले तर दर किती?" आणि "एक रंग कमी केला तर दर किती?" हे दोन प्रश्न इथे नेहमी विचारायचे. गडद कापडावर फिका रंग उठून दिसायला खाली पांढरा थर द्यावा लागतो, तोही एक रंग धरला जातो.

या पद्धतीत खरी मेख असते ती शाई पक्की करण्यात. नेहमीची प्लास्टिसॉल शाई साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत सगळीच्या सगळी तापावी लागते. घाईत वरचा थर तापला आणि आतला कच्चा राहिला, तर नवीन असताना काही कळत नाही, पण धुतल्यावर भेगा पडतात. माझ्या टी-शर्टचं बहुधा हेच झालं.

डीटीएफ ही अलीकडे गल्लोगल्ली दिसणारी पद्धत. चित्र आधी एका फिल्मवर छापतात, त्यावर चिकट पावडर टाकून ती वितळवतात आणि मग हीट प्रेसने ते कापडावर दाबतात. फ्रेमचा खर्च नाही, त्यामुळे पाच-दहा नगही परवडतात. कितीही रंग चालतात, सुती-पॉलिएस्टर दोन्ही चालतं. तोटा एवढाच की मोठं भरीव चित्र असेल तर छातीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवल्यासारखं वाटतं आणि तिथून हवा खेळत नाही. उन्हात ढोल वाजवणाऱ्या मुलांना विचारा.

डीटीजी म्हणजे कागदावर छापतो तसं थेट कापडावर छापणं. ती सुती कापडावर छान दिसते, हाताला मऊ लागते. एखाद-दुसरा नग, फोटोसारखं चित्र, यासाठी चांगली. मोठ्या संख्येला महाग पडते.

सब्लिमेशन ही खेळाच्या जर्सीची पद्धत. साधारण २०० अंशांच्या आसपास शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. हाताला काहीच लागत नाही, भेगा पडायचा प्रश्नच नाही. पण ही पॉलिएस्टरवरच चालते आणि कापड पांढरं किंवा फिकं लागतं. काळ्या सुती टी-शर्टवर कोणी सब्लिमेशन करून देतो म्हणाला, तर त्याला एक तर पद्धत कळत नाही किंवा तो दुसरंच काहीतरी करून देणार आहे.

शेवटची पद्धत भरतकाम. कॉलरचे टी-शर्ट आणि टोप्या यांवर ते शोभतं आणि सगळ्यांत जास्त टिकतं. त्यासाठी आधी डिझाइनची पंचिंग फाइल करावी लागते, तिचा खर्च एकदाच येतो. नंतर टाक्यांच्या संख्येवर दर ठरतो. इथे मराठी माणसाने एक लक्षात ठेवायचं. लहान अक्षरांत अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरं दोऱ्याने बुजून जातात. 'र्त्य' सारखं अक्षर दहा मिलिमीटरमध्ये भरून घेऊ नका. छातीवर फक्त बोधचिन्ह भरा, लांबलचक नाव पाठीवर छापा.

दुसरी गोष्ट: कापड

छपाई चांगली आणि कापड पातळ असेल तर पैसे वायाच गेले. कापडाचं वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅम. १४० ते १६० म्हणजे पातळ, एका दिवसाच्या कार्यक्रमापुरतं. १८० म्हणजे रोज घालण्याजोगं. २२० च्या पुढे जाड, हैदराबाद-नागपूरच्या उन्हात नको वाटेल असं. "१८० जीएसएम आहे" असं सगळेच सांगतात. खात्री करायची असेल तर नमुन्यातला बरोबर १० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन कापा आणि ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. १.८ ग्रॅम भरला तर १८० जीएसएम. १.४ भरला तर काय ते समजा.

मग धागा कोणता हे विचारा. शंभर टक्के सुती, सुती-पॉलिएस्टर मिश्रण की निव्वळ पॉलिएस्टर? घाम टिपायला सुती बरं, लवकर वाळायला पॉलिएस्टर. 'बायोवॉश' हा शब्द ऐकू येईल. त्यात एन्झाइमने कापडावरची बारीक लव काढून टाकतात, त्यामुळे ते मऊ राहतं आणि त्यावर गोळे कमी धरतात. विणलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून 'आधी आटवलेलं आहे का' हाही प्रश्न विचारा.

आपल्या देशात सुती टी-शर्टचं मोठं केंद्र तमिळनाडूतलं तिरुपूर आहे. पॉलिएस्टर कापडाचं सुरत आणि होजिअरीचं लुधियाना. तुमच्या शहरातला छपाईवाला बहुतेक वेळा कोरे टी-शर्ट अशाच कुठून तरी आणतो आणि वर छापतो. त्यात गैर काही नाही. फक्त कोरा माल कुठला आणि पुढच्या वर्षी तोच मिळेल का, एवढं विचारून ठेवा.

मापांचा घोळ तर ठरलेलाच. एका ठिकाणचा 'एल' दुसऱ्या ठिकाणचा 'एम' असतो. इंग्रजी अक्षरांवर विसंबू नका. टी-शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत टेपने मोजा, दुप्पट केली की छातीचं माप आलं. अशी मापांची यादी छपाईवाल्याकडून लेखी घ्या आणि शक्य असेल तर प्रत्येक मापाचा एक नग दोन दिवसांसाठी आणून सगळ्यांना घालून बघायला द्या.

तिसरी गोष्ट: मराठी अक्षरं

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे. छपाईवाल्याला मराठी येत नसेल तर तीन प्रकारे घोटाळा होतो.

एक, तो मजकूर पुन्हा टाइप करतो आणि हिंदीप्रमाणे बदलतो. मंडळचं मंडल, समितीचं समिति, टिळकचं तिलक.

दोन, तुम्ही पाठवलेला युनिकोड मजकूर त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की अक्षरं फुटतात. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरांचे पाय मोडतात, मध्येच चौकोन येतात. ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्याला हे दिसतच नाही.

तीन, फाँट हिंदी वळणाचा असतो. मराठीत आपण ल आणि श जसे काढतो त्याहून हिंदीतली वळणं वेगळी आहेत. संगणकाच्या दृष्टीने अक्षर एकच, पण फाँट बदलला की वळण बदलतं. वाचायला अडत नाही, पण आपल्या माणसाच्या डोळ्यांना खटकतं.

यावर उपाय एकच: मजकूर पाठवू नका, चित्र पाठवा. म्हणजे मराठी वाचणाऱ्या माणसाकडून डिझाइन करून घ्या, अक्षरांच्या 'कर्व्ह' करून घ्या आणि पीडीएफ द्या. कर्व्ह केल्यावर अक्षर हे अक्षर राहत नाही, रेषांचा आकार होतो. मग समोरच्याकडे कुठलाही फाँट असो वा नसो, काही फरक पडत नाही. ही फाइल ई-मेलने पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकलेलं चित्र दाबून लहान केलं जातं आणि छापल्यावर कडा फाटलेल्या दिसतात. डिझाइनमध्ये फोटो असेल तर तो छापायच्या प्रत्यक्ष मापात ३०० डीपीआय असावा.

रंगाचंही तसंच आहे. मोबाइलवर दिसणारा भगवा आणि शाईचा भगवा एक नसतात, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि कापड शाईने. "भगवा द्या" म्हटलं तर नारिंगीपासून विटकरीपर्यंत काहीही येऊ शकतं. पँटोन क्रमांक सांगा. ते जमत नसेल तर हव्या त्या रंगाच्या कापडाचा तुकडा नेऊन हातात द्या.

आणि अंगठा दाखवण्याआधी कच्चं डिझाइन कागदावर छापा. ज्याने ते केलेलं नाही अशा दोन माणसांना वाचायला द्या. एकाने सरळ वाचायचं, दुसऱ्याने शेवटच्या शब्दापासून उलटं. उलटं वाचताना डोळे अंदाजाने पुढे पळत नाहीत. आमच्याकडे हे काम आता तालुकावाले काका करतात.

मग छपाईवाला कसा ओळखायचा?

२०२३ साली मी पुन्हा हे काम मागून घेतलं. या वेळी एका तेलुगू गृहस्थांकडे गेले. मी दर विचारला तर ते दर सांगेचनात. उलट मलाच विचारत बसले. घालणार कोण? घाम येईल असं काम आहे का? एकदाच घालणार की वर्षभर? कापड गडद की फिकं? तारीख कोणती, आणि ती मिरवणुकीची की त्याआधीची? मापांची यादी आहे का? मला मनातून कंटाळा आला होता. शेवटी ते म्हणाले, "मला मराठी वाचता येत नाही. म्हणून मी एकही अक्षर टाइप करणार नाही. फाइल तुमची, छपाई माझी."

तिथेच मी ठरवलं. दर २२५ रुपये निघाला, आदल्या वर्षापेक्षा नगामागे साठ जास्त. ते टी-शर्ट आमची मुलं अजून ढोलाच्या सरावाला घालतात.

म्हणून मंडळी, माझी कसोटी साधी आहे. तुमच्या कामाबद्दल काही न विचारता जो दर सांगतो, तो दर तुमच्या कामाचा नसतो. त्यात कुठलं कापड, कुठली पद्धत, किती रंग, हे त्याने स्वतःच्या सोयीने धरलेलं असतं. दोन दरांची तुलना करायची तर दोघांना एकाच कागदावर लिहिलेली एकच मागणी द्यायला हवी. माझे २१० आणि १६५ हे एकाच वस्तूचे दर नव्हतेच.

यानंतर चार गोष्टी तपासायच्या.

छपाई तो स्वतः करतो की बाहेरून करून आणतो? बाहेरून आणणं वाईट नाही, पण मग तारखेची हमी कोण देणार हे स्पष्ट हवं. जमलं तर एकदा जाऊन यंत्र बघा. ऑनलाइन असेल तर व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा.

जुनं काम दाखवताना नवेकोरे नमुने सगळेच दाखवतात. तुम्ही म्हणा, "सहा महिने वापरलेला एखादा दाखवा." चांगल्या दुकानात काम करणाऱ्या पोरांच्या अंगावरच तो असतो.

जीएसटी क्रमांक घ्या आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून नाव जुळतं का बघा. १५ अक्षरांच्या या क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, गुजरात २४, मध्य प्रदेश २३, कर्नाटक २९, तमिळनाडू ३३, तेलंगणा ३६. "आम्ही थेट तिरुपूरचे कारखानदार" म्हणणाऱ्याचा क्रमांक ३३ ने सुरू होत नसेल तर कारण विचारा. दर करासह की कराशिवाय, हेही आधीच विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे.

आणि नमुना. माझं ऐका, हा नियम मोडू नका. खऱ्या कापडावर, खऱ्या शाईने, खऱ्या मापात छापलेला एक नग पैसे देऊन घ्या. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये एका नगासाठीही फ्रेम बनवावी लागते, म्हणून नमुन्याला चारशे-पाचशे रुपये पडले तरी कुरकुर करू नका. तो नमुना घरी जसे कपडे धुता तसा पाच वेळा धुवा. मशिन तर मशिन, ब्रश तर ब्रश. उन्हात वाळवा. धुण्याआधी आणि नंतर टेपने मोजा. छपाई दोन्ही हातांनी ताणा, भेगा पडतात का बघा. कडेला नख लावा, सुटते का बघा. ओला पांढरा रुमाल कापडावर घासा, रंग लागतो का बघा. यात पास झाला तरच पुढची मागणी.

कागदावर काय लिहून घ्यायचं

तोंडी व्यवहारात भांडण ठरलेलं असतं, म्हणून एका पानावर एवढं लिहा: कापडाचा प्रकार आणि जीएसएम, छपाईची पद्धत, रंगांचे क्रमांक, मापानुसार नगांची संख्या, करासह एकूण रक्कम, आगाऊ किती आणि नंतर किती, माल मिळण्याची तारीख. मंजूर केलेल्या डिझाइनची प्रत त्याला जोडा. मंजुरीनंतरची छपाईतली चूक दुकानदाराने स्वखर्चाने सुधारायची आणि डिझाइनमधली चूक आपली, हे दोघांनी मान्य करून सही करा. शंभरात दोन-तीन नग खराब निघू शकतात, ते बदलून मिळतील की बिलातून वजा होतील तेही ठरवा. सगळे पैसे आधी भरू नका.

तारीख लिहिताना कार्यक्रमाची लिहू नका, त्याच्या दहा दिवस आधीची लिहा. गणपती, १५ ऑगस्ट आणि निवडणुका या काळात छपाईवाल्यांकडे रांग असते. नमुना, धुणं, दुरुस्ती हे सगळं धरलं तर सहा आठवडे आधी सुरुवात करावी.

पक्कं बिल घ्या. काही बिनसलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण तिथे तक्रार करताना हातात कागद लागतो.

मग, पेन, पिशव्या आणि बॅनर

भेटवस्तूंनाही हाच हिशेब. चहाच्या मगवर सब्लिमेशन होतं, पण त्यासाठी वर खास लेप दिलेला मग लागतो. साध्या मगवर ते धरत नाही. पेनासारख्या गोल, लहान वस्तूवर पॅड प्रिंटिंग करतात, तिथे एक-दोन रंग आणि मोजकी अक्षरं ठेवा. स्टीलच्या बाटलीवर लेझरने कोरलेलं नाव पुसलं जात नाही, वर छापलेलं घासणीने जातं. कापडी पिशवीला एका रंगाचं स्क्रीन प्रिंटिंग पुरे, आणि पिशवी घेताना छपाईपेक्षा बंदांची शिवण आधी ओढून बघा. बॅनर करणार असाल तर १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसीच्या बॅनरवर देशभर बंदी आहे. कापडी बॅनर करा, पुढच्या वर्षीही चालतो.

दोन गोष्टी मात्र कुठल्याच दुकानात छापून मागू नका. क्रिकेट संघांची बोधचिन्हं आणि सिनेमातली, कार्टूनमधली पात्रं दुसऱ्याच्या मालकीची असतात. परवानगीशिवाय छापली तर उद्या नोटीस मंडळाच्या नावाने येऊ शकते. "असल्या गोष्टी आम्ही छापत नाही" असं एखादा दुकानदार म्हणाला, तर तो नडतोय असं समजू नका, नियम पाळणारा माणूस आहे तो. दुसरी गोष्ट तिरंगा. राष्ट्रध्वज पोशाखाच्या कापडावर, रुमालावर, उशीवर छापायला किंवा भरायला कायद्याने मनाई आहे, आणि त्यावर अक्षरं लिहायलाही. १५ ऑगस्टच्या टी-शर्टसाठी दुसरं काही डिझाइन शोधा.

जाता जाता एक सांगते. ते 'मंडल' लिहिलेले सगळे टी-शर्ट फडकी झाले, एक सोडून. तो माझ्या कपाटात घडी करून ठेवला आहे. मंडळात छपाईचं काम नव्याने कोणाकडे आलं की मी तो आधी त्यांच्या हातात देते आणि म्हणते, पाठ वाचा. मग आम्ही दरावर बोलायला बसतो.

तुमची अशी फजिती झाली असेल, किंवा तुमच्या गावात नमुना आनंदाने देणारा कोणी छपाईवाला असेल, तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.